लेकीला नाव ठेवताना

शारदीय नवरात्रात घरोघरी कुमारिकापूजन होते. त्या विधीतला एक बारकावा मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. देवीभागवताच्या तिसऱ्या स्कंधात कुमारिकांची वयाप्रमाणे नावे दिली आहेत. दोन वर्षांची ती कुमारिका, तीन वर्षांची त्रिमूर्ती, चार वर्षांची कल्याणी, पाचची रोहिणी, सहाची कालिका, सातची चंडिका, आठची शांभवी, नऊची दुर्गा आणि दहा वर्षांची सुभद्रा. एक वर्षाच्या बालिकेस गंधाची वा नैवेद्याच्या गोडीची जाण नसते म्हणून तिला तेवढे वगळले आहे. म्हणजे आपल्या ओसरीवर परकर सावरीत पाटावर बसलेली शेजारची पोर नुसती देवीस्वरूप मानली जाते एवढेच नव्हे, तर तिला त्या घटकेपुरते एक नाव लाभते, आणि दर वर्षी ते पालटते. नावावाचून पूजा नाही, हा आपल्या धर्माचा एक सूक्ष्म दंडक आहे. सहस्रनामे रचणाऱ्या परंपरेने मनुष्याच्या कन्येच्या नावाचा विचार केला नसता तरच नवल.

हा विषय आज काढण्याचे कारण असे. गेली काही वर्षे कीर्तन आटोपले, आरती झाली आणि बुक्का लावून मंडळी पांगू लागली, की एखादे तरुण जोडपे मागे रेंगाळते. "बुवा, मुलगी झाली आहे. नाव सुचवा. लहान हवे, दोन अक्षरी असले तर फारच उत्तम. आणि गावात, नात्यात, शाळेत दुसऱ्या कोणाचे नसावे." जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडे, शिरपूर, कोठेही जा, मागणी हीच. जुन्या पिढीतील काही मंडळींना हा नव्या काळाचा चोचलेपणा वाटतो. "नाव ठेवा" म्हटले की ते नावेच ठेवू लागतात! पण मला तसे वाटत नाही. लहान नावाची ओढ नवी नाही आणि आगळ्या नावाची तर मुळीच नाही.

पारस्कर गृह्यसूत्र पाहावे. दहाव्या दिवशी पित्याने नाव ठेवावे, मुलाचे नाव दोन वा चार अक्षरांचे असावे, आणि मुलीचे विषम अक्षरांचे व आकारान्त असावे, असे तेथे सांगितले आहे. मनुस्मृतीत स्त्रीच्या नावाविषयी आणखी गोड अपेक्षा आहेत: ते उच्चारायला सोपे असावे, कठोर नसावे, अर्थ स्पष्ट असावा, मनाला रुचावे, मंगल असावे, शेवटी दीर्घ स्वर असावा आणि त्यात आशीर्वादाचा भाव असावा. आजच्या एखाद्या आईने कागदावर मागण्या लिहून काढल्या तर ह्याहून फारसे निराळे काय लिहील? पतंजलींनी तर महाभाष्याच्या आरंभीच, व्याकरण का शिकावे ह्याची जी कारणे सांगितली आहेत त्यांत पुत्राचे नामकरण हेही एक कारण मोजले आहे. नाव कृदन्त आहे की तद्धितान्त, हे व्याकरणावाचून कळणार कसे, असा त्यांचा प्रश्न आहे.

मात्र शास्त्र आणि लोक ह्यांत लोक कसे बलवान ठरतात, हेही येथेच दिसते. विषम अक्षरांचा नियम कसोशीने लावला तर उमा, रमा, सीता, राधा ही सारी नावे बाद होतील! त्याच मनुस्मृतीत पुढे विवाहप्रकरणी नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी ह्यांची नावे असलेली कन्या वरू नये असे म्हटले आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी काय केले? गंगा, गोदा, यमुना, तुळसा, रोहिणी, मैना अशी नावे ठेवून घरे भरली, आणि त्या घरांचे काही वाईट झाले नाही. नियमाला लोकाचाराने इतक्या प्रसन्नपणे बाजूला सारल्याची उदाहरणे थोडीच असतील.

उमा ह्या दोनच अक्षरांच्या नावाची कथा कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात सांगितली आहे. तपाला निघालेल्या मुलीला आईने "अगं, नको" म्हणून अडविले, त्या दोन उद्गारांतून हे नाव झाले. आईच्या काळजीतून निपजलेले नाव पुढे साऱ्या जगाच्या तोंडी बसले.

आता पंचांगाकडे वळू. आईबापांचा दुसरा घोर असतो तो अक्षराचा. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाची चार चरणे, मिळून एकशे आठ अक्षरे, हे अवकहडा चक्र सर्वांना ठाऊक आहे. त्यात आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ, हस्ताच्या तिसऱ्याला ण, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ येतो. ह्या अक्षरांनी आरंभ होणारे नाव मराठीत कोठून आणणार? मग कोणी ओढूनताणून भलतेच काही तयार करतो आणि ती पोर जन्मभर आपले नाव समजावून सांगत बसते. वस्तुतः हा घोर अनाठायी आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली सिद्ध केलेल्या धर्मसिंधूत नामकरणाची चार नावे सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. चरणाक्षराचे बंधन आहे ते नाक्षत्रनामापुरते. ते पत्रिकेत असावे, संकल्पात उच्चारावे. हाक मारायचे, शाळेत लागायचे, आयुष्यभर मिरवायचे व्यावहारिक नाव मोकळे आहे. हे सांगितले की समोरच्या जोडप्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, असा माझा नेहमीचा अनुभव आहे.

मोकळे आहे म्हणजे कोठून घ्यावे? नवरात्रात सप्तशतीचा पाठ संपताना वैदिक देवीसूक्त म्हणतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ते एकशे पंचविसावे सूक्त, ऋचा आठ. त्याची द्रष्टी अंभृण ऋषीची कन्या, तिचे नाव वाक्. एका अक्षराचे नाव! ह्याहून लहान नाव असू शकत नाही, आणि ह्याहून मोठा अधिकार सांगणारे सूक्तही विरळा. त्या सूक्तात कन्याच स्वतः देवी होऊन बोलते. मराठी तोंडाला वाक् हे नाव अवघड जाईल, पण वाचा, वाणी, गिरा ही तिचीच रूपे आहेत. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितांचा ठेवा जपणाऱ्या धुळे शहरात एखादी 'गिरा' पाळण्यात निजावी, हे मला मोठे साजेसे वाटते.

वेदांत ऋषिकन्यांची अशी आणखीही नावे आहेत. घोषा ही कक्षीवानाची मुलगी. व्याधीमुळे पितृगृहीच राहिली आणि अश्विनीकुमारांच्या कृपेने बरी झाली. अपाला हीही अशीच दुखण्यातून उठलेली. विश्ववारा आहे, सूर्या आहे. (सूर्या हे नाव आता क्रिकेटमुळे मुलग्यांकडे गेले आहे, त्याला इलाज नाही. आणि जुहू नावाची ऋषिका आहे खरी, पण ते नाव ठेवले तर ऐकणाऱ्याला चौपाटीच आठवेल.) चंद्राच्या तिथींच्या चार देवता पाहा. पूर्ण चंद्राची रात्र ती राका, एका कलेने उणी ती अनुमती, अमावास्येला क्षीण चंद्ररेखा दिसते ती सिनीवाली, आणि चंद्र मुळीच दिसत नाही ती कुहू. ह्या नवरात्रामागून येणाऱ्या कोजागरीच्या आसपास जन्मलेल्या मुलीला राका म्हणावे. दोन अक्षरे, दीर्घ शेवट, अर्थ स्वच्छ, आणि माझ्या पाहण्यात आजवर ह्या नावाच्या दोनच मुली आल्या. इरा हेही असेच एक जुने नाव. अन्न, जल, पुढे वाणी असे त्याचे अर्थ. मात्र इ ऱ्हस्व लिहावी.

पण इतके लांब जाण्याचीही गरज नाही. खानदेशाच्या मातीत काय कमी आहे? आपली तापी पाहा. मुलताईच्या कुंडाशी उगम पावून ती मुक्ताईनगर, भुसावळ करीत आपल्या केळीच्या बागांना आणि कपाशीच्या रानांना जीवन देत पश्चिमेस जाते. महाभारताच्या आदिपर्वात ही सूर्याची कन्या तपती म्हणून येते. संवरण राजाने तिच्यासाठी तप केले, तिच्या पोटी कुरू जन्मला, आणि त्या नात्याने चित्ररथ गंधर्व अर्जुनाला तापत्य म्हणून हाक मारतो. ज्या कुरुकुलाचे महाभारत झाले त्याची मूळ माता म्हणजे आपली नदी! तपती हे नाव तीन अक्षरी, म्हणजे पारस्करांचा विषमाक्षरांचा नियमही पाळला गेला. आमच्या लहानपणी गावोगावी तापीबाई असत, पुरुषांत तापीराम असत. आता तापीबाई ओसरल्या. तपती मात्र अजून कोणी उचललेली नाही. चांगदेवाला तापीला मिळणारी पूर्णा, हेही दोन अक्षरांचे किती भरलेले नाव आहे!

त्याच संगमापासून जवळ कोथळी आणि मेहूण. १२९७ साली मुक्ताई तेथे अंतर्धान पावली. चौदाशे वर्षांच्या चांगदेवाने ह्या पोरीला गुरू केले, अशी कथा आम्ही कीर्तनात सांगतो तेव्हा श्रोत्यांतील लहान मुली मान उंच करून ऐकतात. तिच्या नावाची मौज अशी की संस्कृतात मुक्ता म्हणजे मोकळी झालेली, आणि मुक्ता म्हणजे मोतीही. शिंपल्यातून सुटला तो मोती. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले, कोथळीहून तिची पालखी दर आषाढीला पंढरीची वाट चालते, आणि तरीही आपल्या जिल्ह्यात मुक्ता नावाच्या मुली मोजक्याच का, हे मला पडलेले कोडे आहे.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसरात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याचा १२०७ सालचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला गेला. ११५० सालच्या त्यांच्या लीलावतीत गणिते घालताना आचार्य एका बालेला हाक मारतात. ती त्यांची कन्या, तिच्या लग्नाचे घटिकापात्र मोत्याने अडले आणि मुहूर्त टळला, ही कथा मात्र १५८७ सालच्या फैजीच्या फारसी भाषांतरातली आहे. आचार्य स्वतः काहीच सांगत नाहीत. कथा खरी असो वा नसो, एका मुलीचे नाव साडेआठशे वर्षे गणिताच्या पाटीवर टिकले, हे खरे. लीलावती मोठे वाटत असेल तर लीला आहेच.

आणि बहिणा? असोद्याच्या लेकीचे, बहिणाबाई चौधरींचे, ते नाव. १८८० साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या ह्या बाईची गाणी तिच्या पश्चात १९५२ साली पुस्तकरूपाने आली, आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव लाभले. पदवीच्या कागदावर ते नाव हजारोंना मिळते, पाळण्यात मात्र कोणी ठेवीत नाही. जुनाट वाटते म्हणतात. त्यापेक्षा तिच्या जात्यावर जे जन्मले ते 'ओवी' हे नाव अलीकडे काही घरांत ऐकू येते. नव्या नावांतले मला मनापासून आवडलेले नाव ते हेच. ओवणे ह्या मराठी क्रियापदातून आलेले, संस्कृताची उसनवारी नाही, आणि ज्ञानदेवांपासून दळणाऱ्या बाईपर्यंत सर्वांच्या ओठांतले. सई हेही असेच. सखीची सही, सहीची सई, असे झिजत झिजत गुळगुळीत झालेले.

नावे आता दूरध्वनीच्या पडद्यावर शोधतात. त्याला माझी हरकत नाही, पूर्वी पंचांगाच्या पाठपानावरून शोधीत. पण तेथे प्रत्येक नावापुढे संस्कृत म्हणून जो अर्थ लिहिलेला असतो त्यावर विसंबू नये. कियारा, मायरा ह्यांना संस्कृतात धातू नाही. ऐकायला गोड आहेत, ठेवावीत वाटली तर ठेवावीत, पण देवीचे नाव म्हणून ठेवू नयेत. पहिली म्हणून आवडीने ठेवलेले 'आध्या' हे मुळात आद्या. द चा ध झाला की अर्थ गेला. कृत्तिका नक्षत्राचा एक त् गाळून कृतिका करतात, तेही तसेच. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने इतिहासाचार्यांचा व्युत्पत्तिकोश छापून ठेवला आहे. एकेका शब्दाच्या मुळाशी जाण्यासाठी त्या माणसाने केवढे कष्ट उपसले, ते एकदा चाळून पाहावे. सर्वच व्युत्पत्ती पटतील असे नाही, पण शब्दाला मूळ असते ही जाण येईल.

इथवरचा विचार सुखाचा होता. आता जे सांगावयाचे आहे ते तितके सुखाचे नाही. दोन वर्षांपूर्वी श्रावणात गिरणाकाठच्या एका गावी कीर्तनसप्ताह होता. एक गृहस्थ आले, शिकलेले, नोकरदार. तिसरी कन्या झालेली. नाव त्यांनीच ठरविले होते, माझ्याकडून केवळ होकार हवा होता. नाव होते 'इति'. लहान, वेगळे, संस्कृत, कोणाचे नसलेले, साऱ्या अटी पुऱ्या. मी विचारले, "अर्थ ठाऊक आहे?" ते हसले. बाजूला त्यांच्या मातोश्री होत्या, त्यांनी आमच्या अहिराणीत स्पष्टच सांगितले, "आते बस झायं." बाळाची आई भिंतीकडे पाहत होती.

हे नाव नवे, पण ही रीत जुनी. मुले जगत नसत तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवीत. त्यामागे माया होती, मृत्यूला फसविण्याची धडपड होती. नकोशी, नकुशी ह्या नावामागे मात्र माया नव्हती. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींचे समारंभपूर्वक नव्याने नामकरण केले. हरियाणात चौथी मुलगी झाली तेव्हा एका कुटुंबाने तिला अंतिम म्हटले. ती अंतिम पंघाल २०२२ साली वीस वर्षांखालील कुस्तीत जगज्जेती झाली, असे यश मिळविणारी पहिली भारतीय मुलगी. तिने त्या नावाला आपल्या बळावर दुसरा अर्थ दिला. पण प्रत्येक पोरीने आधी आपल्या नावाशीच कुस्ती का करावी?

'इति' हे संस्कृतात लिहिलेले नकोशीच होय. मी त्या गृहस्थांना तसे स्पष्ट सांगितले. देवळाच्या ओट्यावर, चार माणसांदेखत सांगितले, हे त्यांना रुचले नाही. मग मी त्यांच्या पत्नीला विचारले, "ताई, तुम्हांला कोणते नाव आवडते?" बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी तापीकाठची आहे." मी तपतीची कथा सांगितली. पुढे पाळण्यात कोणते नाव पडले ते मला समजले नाही, कारण सप्ताह संपवून मी निघालो होतो.

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८४२. ज्या जिल्ह्यात मुक्ताई आणि बहिणाई झाल्या, कानबाईचे रोट होतात, गुलाबाईची गाणी होतात, तेथला हा आकडा. कल्याणी, रोहिणी, कालिका अशी नऊ नावे शास्त्राने योजून ठेवली आहेत, पाटावर बसायला नऊ पोरी आळीत मिळत नाहीत म्हणून दोन आळ्या फिराव्या लागतात, हे मी पाहिले आहे.

मुलीच्या नावाचा आणखी एक पदर. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिण्याची चाल होती, काही घरांत अजून आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे माहेरच्या गोदू, सासरी आनंदीबाई. त्या काळी ते प्रेमानेही होत असेल. परंतु आईबापांनी इतका शोध घेऊन ठेवलेले नाव वीस-पंचवीस वर्षांनी ताटात पुसायचे, हे मला अलीकडे पटेनासे झाले आहे. लग्न लावताना वधूला विचारल्यावाचून मी ती अंगठी हाती घेत नाही.

व्यवहाराचे दोन शब्द. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदांवर मूल, आई, वडील, आडनाव अशा क्रमाने लिहावयाचे आहे. आईचे नाव लेकराच्या नावालगत आले, ही मोठीच गोष्ट झाली. नाव मात्र लांबले, तेव्हा मुलीचे नाव लहान असण्याची सोयही वाढली! जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी. नाव ठरले नसेल तर घाई नको, वर्षाच्या आत ते विनाशुल्क घालता येते. अर्ज भरताना घरातल्या जाणत्या माणसाने ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, दोन्ही लिप्यांतले लेखन नीट पाहून मगच सही करावी. नंतर फेऱ्या मारीत बसावे लागते.

आणि बारसे. बाराव्या-तेराव्या दिवशी, आपल्या सोयीने, पण थाटापेक्षा शांतपणे. ताम्हनात तांदूळ, त्यावर सोन्याच्या अंगठीने आधी कुलदेवतेचे, मग महिन्याचे, मग नक्षत्राचे आणि शेवटी हाक मारायचे नाव लिहावे, वडिलांनी वाचावे, आईनेही वाचावे. मग आत्याने पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करून ते नाव प्रथम सांगावे. बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालावेत, तेही जरा बेतानेच, कारण ती वाकलेली असते आणि पाळणा हलत असतो.